गेरूची रेघ

“आधी दोरी टाक. मग चुलीचं बोल.”

“आधी चुलीपुढून उठा, मास्तर. मग दोरीचं बघू.”

“चूल माझ्या बाजूला आहे.”

“आणि विहीर माझ्या.”

दुपार कलली होती. अंगणातल्या चुलीपुढे खानविलकर मास्तर पाट टाकून ठाण मांडून बसले होते. पलीकडे विहिरीच्या कठड्यावर धाकू मांडवकर बसला होता, रहाटाची दोरी गुंडाळून बगलेत धरून. दोघांच्या मधोमध, सारवलेल्या अंगणावर गेरूची लालभडक रेघ.

दोघेही येसूअक्कांचे शिष्य. दोघेही सकाळपासून उपाशी.

कातळमाथ्यावरच्या त्या मठीचा एक रिवाज होता. आपल्या हाताने आपल्या ताटात वाढून घ्यायचं नाही. मास्तरांनी धाकूला वाढायचं, धाकूने मास्तरांना. आज पाण्यावाचून भातच शिजला नव्हता. आणि शिजला असता तरी वाढतो कोण?

हे सगळं उपटलं आदल्या संध्याकाळच्या एका गप्पेतून.

मास्तरांनी उभा जन्म शाळेत भूगोल शिकवला. धाकूचा उभा जन्म ट्रकवर गेला. अक्कांनी सांगून ठेवलं होतं, “माझ्यामागे मठी एकाच्याच हाती देईन.” तो एक कोण, याबद्दल मास्तरांना शंका नव्हती. तरी रोज संध्याकाळी ते धाकूला काहीबाही शिकवत. बोलायचे धाकूशी, बघायचे अक्कांकडे.

काल आफ्रिकेची पाळी होती.

“आपल्यासारखे नऊ देश पोटात मावतील, एवढा तो खंड! आणि युरोपातल्या मूठभर साहेबांनी बर्लिनमध्ये बसून वाटपाचे नियम ठरवले. मग नकाशावर पट्टी ठेवली नि ओढल्या रेघा. तिथे मसाई म्हणून गुराखी लोक आहेत. त्यांच्या कुरणातून रेघ गेली. समुद्रापासून मोठ्या सरोवरापर्यंत सरळ, फक्त किलिमांजारो डोंगरापाशी वळसा. अलीकडचे मसाई इंग्रजांचे, पलीकडचे जर्मनांचे.”

“त्या बैठकीला तिथला कुणी होता?” अक्कांनी विचारलं.

“एकही नाही.”

“आणि गाईंना कुणी कळवलं?”

धाकू फिसकन हसला. मास्तरांना ते आवडलं नाही.

“भोळी माणसं, अक्का. कुणी रेघ ओढली, यांनी मान तुकवली. आपल्याशी कुणी असं करून बघावं!”

“मग साहेब गेले का?”

“गेले की. साठेक वर्षं झाली.”

“आणि रेघा?”

“त्या तिथेच आहेत. त्यांच्यावरून अजून एकमेकांची डोकी फोडतात. म्हणून तर म्हणतो, भोळी माणसं!”



आज सकाळी अक्कांनी सुताराची दोरी काढली, गेरूच्या पाण्यात बुडवली. एक टोक दिलं धाकूच्या हाती, एक मास्तरांच्या. “ताणून धरा.” दोघांनी निमूट ताणून धरली. अक्कांनी मधे चिमटीत उचलून टचकन सोडली. फाटकापासून ओटीपर्यंत रेघ उमटली. तुळस आडवी येत होती, तिथे अक्कांनी बोटाने वळसा काढून दिला.

“पलीकडचं धाकूचं. अलीकडचं मास्तरांचं.”

मग मास्तरांच्या कानाशी वाकून हळूच म्हणाल्या, “लक्ष ठेव.”

मास्तरांची छाती फुगली. म्हणजे ठरलं तर! मठी आपलीच.

पण वळून बघतात तो अक्का धाकूच्या कानाशीही वाकलेल्या. ओठ हलताना दिसले. शब्द ऐकू आला नाही.

मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली.

त्यानंतर काही धड दिसेना. धाकू नुसता खोकला, तरी ती कुणाला तरी खूण वाटली. धाकू विहिरीत डोकावला, तर तिथे काय दडवलं असेल? हा आज आपल्याकडे असा टक लावून का बघतोय? कुठेतरी पाणी मुरतंय खास.

रोजच्यासारखा धाकू घागर घेऊन चुलीकडे आला.

“पाऊल कुठे टाकतोयस?” मास्तर खेकसले.

धाकू थबकला. खाली रेघेकडे बघितलं, वर मास्तरांकडे बघितलं. घागर घेऊन मागे फिरला नि ती तशीच भरलेली कठड्यावर ठेवली. मग रहाटाची दोरी सोडून बगलेत मारली.

तेव्हापासून हे असं चाललं होतं.

“सकाळपासून पाळत ठेवून आहेस माझ्यावर,” मास्तर म्हणाले.

“पाळत तुमची आहे, मास्तर. मी खोकलो तरी मान वळते तुमची.”

“वळणारच! मला अक्कांनी सांगितलंय तसं. लक्ष ठेव, म्हणाल्या.”

धाकूच्या बगलेतली दोरी सैल पडली.

“…मलाही तेच म्हणाल्या.”

दोघांनी ओटीकडे बघितलं. तिथे अक्का अडकित्त्याने सुपारी कातरत बसल्या होत्या.

“हे काय, अक्का?” मास्तर उसळले. “गुरूनेच कान भरायचे?”

“मी कुठे भरले? नुसतं लक्ष ठेव म्हटलं. कुणावर, ते तुमचं तुम्ही ठरवलंत.”

“कालच्या बोलण्याचा वचपा काढलात! पण मला रानातला गुराखी समजू नका. जन्मभर हेच शिकवत आलोय मी. रेघबीघ मानणाऱ्यांतला मी नव्हे.”

“बरं,” अक्का म्हणाल्या.

त्या उठल्या. कठड्यावरची घागर उचलून फाटकापासून ओटीपर्यंत ओतत आल्या. मागोमाग खराटा फिरवला. गेरू पाण्याबरोबर वाहून गेला. ओलं अंगण, बाकी काही नाही.

अक्का पुन्हा ओटीवर जाऊन बसल्या. अडकित्ता हातात घेतला.

“जा मास्तरा, धाकूकडून दोरी घेऊन ये. भुका लागल्यात.”

“जातो की! त्यात काय आहे?”

मास्तर उठले. धोतर सावरलं, मान ताठ केली. धाकू दोरी पुढे करून उभा राहिला. मास्तर चालत निघाले… अंगणाच्या मध्यावर आले… आणि तिथे त्यांनी पाय चांगला उंच उचलला, उंबरठा ओलांडावा तसा, आणि पलीकडे टाकला.

धाकूने ते बघितलं. मास्तरांनी धाकूला बघताना बघितलं.

ओटीवर अडकित्ता थांबला.

“रेघ तर मघाशीच धुऊन गेली, मास्तरा… मग पाय उचलून ओलांडलंस ते काय?”