पालखी चावडीत का जात नाही

अहो, चपला काढू नका! हे देऊळ नव्हे, चावडी आहे. सगळे पाहुणे हाच घोटाळा करतात. देऊळ ते पलीकडे, वडाखाली. शिमग्यात गावदेवीची पालखी घरोघर जाते, माझ्या पडवीतसुद्धा येते. पण या पायरीशी आली की थांबते, आत येत नाही. विचारलंत म्हणून सांगतो. आता मधे बोलू नका.

फार मागे अंतोबा देसाई इथले कारभारी होते. माणूस भला, पण भांडणांना विटलेला. एकाच्या बाजूने निवाडा दिला की दुसरा वैरी व्हायचा. शेवटी त्यांनी देवीलाच चावडीत आणून बसवलं आणि सांगितलं, आजपासून कारभार तिचा. केसो पुजारी मूर्तीला ओल्या पाकळ्या लावायचा. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. याला आम्ही कौल म्हणतो. हसू नका, कौल मीही लावतो. लग्नकार्यात माणसाला आधार लागतो. पण इथे शेतसारा किती घ्यायचा, पाणी कुणाला सोडायचं, सगळंच पाकळीवर आलं. आणि 'असं का?' म्हणून कुणी विचारलं, तर तो देवीचा अपमान! लोक घरातसुद्धा हळू बोलायला लागले म्हणे.

खाडीचा बांध तेव्हा मातीचा होता. तो राखणारा भिवा सांगत आला, बांध पोखरलाय, अमावास्येच्या उधाणाआधी माती घाला. कौल लावला, डावी पडली. भिवा कसला ऐकतोय! एकटाच माती टाकत राहिला. त्याला धरून आणला. देवीची आज्ञा मोडली म्हणून हातपाय बांधून खाडीत सोडायचं ठरलं. दिवस अमावास्येचाच होता.

त्याची बायको येसू धावत आली आणि दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, "आईला माझ्यासमोर विचारा, हा माणूस मारू का?"

केसोने पाकळ्या लावल्या. एकही पडेना.

कौल लावला की पाकळी पडेपर्यंत जागचं उठायचं नाही, असा नियम. बाहेर भरती चढत होती, पाण्याचा आवाज थेट आत येत होता. प्रत्येकाचं शेत त्या बांधाआड, पण उठायची कुणाची छाती होईना. बांधलेला भिवा ओरडत होता, "अरे, माझं काय करायचं ते मागून करा, आधी बांधावर चला!" केसो घामाने भिजला होता. तो लबाड नव्हता हो, त्याचा खरोखरच विश्वास होता. म्हणून तर जास्त भीती वाटते.

येसू देसायांपुढे गेली. "मालक, ती बोलत नाही. आता तुम्ही बोला."

"आणि मी चुकलो तर, येसू?"

"तर आम्ही तुम्हाला शिव्या घालू. तिला कशा घालायच्या?"

देसाई उठले. सगळे अंग चोरून बसले होते, आता वीज पडते की काय म्हणून. त्यांनी स्वतःच्या हातांनी भिवाचे दोर सोडले आणि सगळं गाव बांधाकडे धावलं. पण उशीर झाला होता. बांध डोळ्यांदेखत फुटला आणि पोटरीला आलेल्या भातात खारं पाणी शिरलं. भिवा वाचला, पीक गेलं.

दुसऱ्या दिवशी केसोनेच रडत रडत देवीला देवळात परत नेलं. देसाई या पायरीवर येऊन बसले. गाव जमलं आणि दिवसभर त्यांना वाटेल ते बोललं. ते उठले नाहीत, असं सांगतात.

आजही पालखी इथून पुढे गेली की पंचांना या पायरीवर बसावं लागतं आणि ज्याला जे बोलायचं ते तो तोंडावर बोलतो. माझा मुलगा पंच आहे. गेल्या शिमग्यात एका म्हातारीने पाण्याच्या वाटपावरून त्याच्या सात पिढ्या काढल्या, म्हणजे मीही आलो त्यात! मला राग आला, जीवही तुटला. पण देवीकडे बोट दाखवून सुटायची सोय इथे कुणालाच नाही. तो मान खाली घालून ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "चुकलं माझं, काकी."