पानाआडची गाठ

पाखरांना घरटी पक्की बांधता येत नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. सगळ्यांनी सुगरणीला सांगितलं, "वाऱ्यात सुटणार नाही अशी गाठ तू शोध. तोवर तुझ्या पिलांना आम्ही चारू." उन्हाळाभर पाखरांनी चारा आणला आणि सुगरणीला गाठ सापडली.

सापडली तशी ती तोऱ्यात आली. गाठ पानाआड झाकून म्हणाली, "ज्याला हवी त्यानं मला बोलवावं. मीच बांधून देईन."

एका दुपारी वावटळ उठली. सुगरण साळुंकीच्या घरट्याला पानाआडून गाठ मारत होती. होला धापा टाकत आला, मागोमाग आणखी पाखरंही आली.

"सुगरणताई, माझ्या काटक्या निसटतायत, अंडी पडतील गं!"

"थांब रे, हिचं होऊ दे."

"थांबायला वारा काय माझा मेहुणा आहे? तुझी पिलं भुकेनं रडली, तेव्हा मी थांबलो होतो का?"

सुगरण ओशाळली. तिनं पान बाजूला केलं आणि गाठ सोडून सगळ्यांदेखत पुन्हा बांधली. "ही सगळ्यांची. हवी तशी बदला. पण नवं काही सुचलं, तर तेही असंच उघड्यावर ठेवा."

शिंपी पाखरानं तिथंच एक टाका वाढवला.

"अगं बाई, हे मला कसं सुचलं नाही? दाखव बघू पुन्हा!" म्हणत सुगरण त्याच्याजवळ सरकली.

होल्यानं स्वतः बांधलेली गाठ मात्र वाकडीच बसली. पण अंडी जागेवर राहिली.