वाट चुकवणारे चाचा

एकदा एका वृद्ध वाटाड्याने रंगारवेशीखाली उभे राहून तिला अत्तरवेस म्हटले, आणि मागे उभ्या असलेल्या त्याच्या शिष्येच्या छातीत धस्स झाले.

चूक तशी केवढीशी! तटबंदीच्या त्या शहराला वेशी पुष्कळ. परगावच्या पाहुण्याला एकीचे नाव दुसरीला सांगितले, तर कुणाचे काय बिघडते? पण हा वाटाडा साधासुधा नव्हता. सारे शहर त्यांना चाचा म्हणे. दूरदूरचे लोक एका दिवसापुरते येत, 'गर्दीत नको, आम्हाला एकट्यांनाच दाखवा' म्हणून चाचांना सकाळपासून संध्याकाळपर्यंत ठरवत, आणि जाताना त्यांचे हात हातात घेऊन जात. चाचांच्या तोंडून निघाले ते शहराच्याच तोंडून निघाले, असा त्यांचा लौकिक होता. शिष्या कॉलेजात इतिहास शिकून त्यांच्या हाताखाली आली होती. ती मुळातच घाबरट. कमानीतले पारवे फडफडले तरी दोन पावले मागे सरणारी. आज पारवे जागचे हलले नव्हते, तरी ती दचकली.

"चाचा," ती हलकेच म्हणाली, "ही तर रंगार–"

"चल बेटा, ऊन चढेल," म्हणत चाचा काठी टेकत पुढे निघालेसुद्धा.

शिष्येला अधिक लागून राहिले ते पाहुणीमुळे. द्वारकाबाई त्यांचे नाव. इंदूरहून एकट्याच आल्या होत्या. वेशीबाहेर भेटल्या भेटल्या त्यांनी कपाळावरचा घाम टिपत सांगून टाकले होते, "मला इमारती नकोत. मी इथलीच. लहानपणी वडिलांनी बिऱ्हाड हलवलं ते हलवलंच, पुन्हा येणं झालं नाही. मला आमची गल्ली बघायचीय."

"गल्लीचं नाव?" शिष्येने विचारले होते.

"तेच तर आठवत नाही! वडील पत्त्यात नुसतं 'पिंपळाजवळ' लिहायचे."

"या शहरात पिंपळाला काय तोटा!" चाचा हसले होते.

बाई मात्र हसल्या नव्हत्या. "तिकडे मी आणि माझी अक्का, आम्ही दोघी तासन् तास इथलंच बोलायचो. मुलं चिडवायची, आई, तुझं शहर म्हणजे तू आणि मावशीनं मिळून रचलेली गोष्ट आहे. वैशाखात अक्का गेली. आता 'हो गं, असंच होतं' म्हणणारं कुणी उरलं नाही. खरं सांगू? हल्ली मलाच वाटायला लागलंय, की मुलं म्हणतात ते खरं असेल."

हे ऐकून कुणाचेही मन हळवे झाले असते. आणि नेमक्या याच बाईंना चाचांनी पहिलेच नाव चुकीचे सांगितले होते! त्या वेशीकडे क्षणभर बघत राहिल्या, भुवया जरा आखडल्या, ओठ हलले. मग "बरं" म्हणून निमूटपणे मागोमाग चालू लागल्या. ते 'बरं' शिष्येला फार लागले. भुकेल्या माणसाने ताटात पडेल ते गोड मानून घ्यावे, तसे ते होते.

पुढे जुना बाजार लागला. मोबाइलची दुकाने, प्लास्टिकच्या बादल्यांच्या उतरंडी, चपलांचे ढीग. चाचा एका वळणावर थांबले आणि काठीने दाखवत म्हणाले, "ही कासारांची ओळ. इथं सकाळपासून बांगड्यांची किणकिण चालायची."

 इथे कासार कधीच नव्हते, हे शिष्येला चाचांनीच शिकवले होते. याच वळणावर, याच काठीने दाखवून! चाचांचे वय झाले. गेल्या पंधरवड्यात ते चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधत होते, ते तिला आठवले. तेव्हा ती हसली होती. आता तिला त्या हसण्याची लाज वाटली.

"कासार?" द्वारकाबाई अडखळल्या. "नाही हो... म्हणजे मला नीट आठवत नाही, पण... इथे धूर असायचा. डोळ्यांना झोंबणारा. अक्का पदरानं नाक दाबून पळत सुटायची."

"धूर कुठला, बाई? बांगड्यांच्या दुकानात धूर कशाला असेल!"

"नवसागराचा!" बाईंचा आवाज एकदम चढला. "कल्हईवाले बसायचे इथे, ओळीनं. भांडं तापलं की नवसागर टाकायचे, की भस्सकन पांढरा धूर! आणि मग कापसाचा बोळा फिरवला की आतून भांडं चांदीसारखं. आम्ही त्यात तोंड बघायचो."

"असेल, असेल," चाचा खांदे उडवत म्हणाले. "माझ्या तरी ध्यानात कासारच आहेत."

बाईंनी त्यांच्याकडे असे पाहिले, जणू चाचांनी कुणाच्या माहेरालाच नावे ठेवली होती.

शिष्येला वाटले, आता आपणच पुढे व्हावे. पण थोरांचा शब्द पाहुण्यांदेखत कसा खोडावा? ती दुपट्ट्याच्या टोकाला गाठी मारत मागून चालत राहिली.

मग पाच गल्ल्या जिथे मिळतात तो चौक आला. तिथे एक पिंपळ होता, पारही होता. शिष्येचे मन जरा हलके झाले. चाचांनी मात्र पिंपळाकडे ढुंकूनही पाहिले नाही. ते उजवीकडच्या रुंद रस्त्याला लागत म्हणाले, "तुमचा पिंपळ इकडं, बाजारसमितीच्या अंगाला."

"अहो, तिकडे कुठे?" द्वारकाबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. "उतार डावीकडे आहे!"

"कसला उतार?"

"शाळेतून येताना इथून पाय आपोआप पळायचे. आई म्हणायची, घर जवळ आलं की पोरींना पंख फुटतात. पंख कसले, उतार होता! आणि हे बघा, चाचा, मी सकाळी बोलले नाही, मोठ्या माणसाला काय बोलायचं म्हणून. पण ती वेस अत्तरवेस नव्हती. तिथे निळी-जांभळी ओली लुगडी वाळत असायची, कमानीखालून गेलं की डोक्यावर थेंब पडायचे. कुणी सांगितलं तुम्हाला अत्तरवेस? तुम्ही इथलेच ना?"

"इथलाच. पण म्हातारा झालो, बाई." चाचा पाराजवळच्या चहाच्या टपरीसमोरच्या बाकावर मटकन बसले. "माझे गुडघे बोलायला लागले. मी चहा घेतो. तुम्हाला उतार आठवतोय तर या बघून."

"आणि चुकले तर?"

"चुकलात तर शहरातच चुकाल ना? शहराबाहेर नाही जाणार."

द्वारकाबाई पुटपुटत डावीकडे वळल्या. "आठवतोय तर म्हणे! उतार काय कुणी रचून सांगतं?"

त्या पुढे गेल्या तशी शिष्या धावत मागे निघाली. पण चाचांनी काठी आडवी धरली. "बस."

"चाचा, त्या एकट्या जातायत! तुम्ही आज... तुम्हाला बरं नाही का? घरी कळवू का कुणाला?" तिचे डोळे भरून आले होते. "सकाळपासून सगळं चुकतंय तुमचं."

चाचा तिच्याकडे पाहतच राहिले आणि मग खो खो हसले. "या अल्ला! तुला वाटलं, चाचा गेला कामातून? म्हणून एवढीशी झालीयस होय?"

"मग?"

त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला. हसू ओसरले. "बेटा, जो रिकाम्या हाती येतो, त्याला शहर द्यावं. ते आपलं कामच आहे. पण ही बाई रिकाम्या हाती आलेली नाही. तिचं शहर तिच्यापाशी आहे; नुसता त्यावरचा विश्वास उडालाय. सकाळी मी तिला कुठल्याही गल्लीत उभं करून 'हीच तुमची' म्हटलं असतं, तर तिनं मान डोलावली असती. डोळेही पुसले असते. आणि गाडीत बसल्यावर तिच्या मनात आलं असतं, तीच होती ना? की म्हाताऱ्यानं समजूत घातली? माझ्या शब्दावर मिळालेलं घर माझ्या शब्दाइतकंच पक्कं."

"पण तुम्ही नुसतं विचारायचं होतं. काय काय आठवतं म्हणून."

"विचारलं की आठवण लाजते, बेटा. चुकीचं बोललं की भांडायला उठते. वेशीखाली तिनं 'बरं' म्हटलं. बाजारात 'मला नीट आठवत नाही, पण' म्हटलं. आत्ता काय म्हणाली, ऐकलंस? 'कुणी सांगितलं तुम्हाला?' ज्याला आपल्या आठवणीसाठी भांडता आलं, त्याला ती परत मिळाली. त्यापायी माझी थोडी अब्रू गेली तर जाऊ दे. ती काय मला जनाज्याबरोबर न्यायचीय?"

 थोर माणसाचे मोठेपण तो किती सांगतो यात असते, असे शिष्येने आजवर मानले होते. कधी कधी ते तो काय सांगायचे टाळतो, यात असते.

"आता ऊठ," चाचा गुडघ्यांवर हात देत म्हणाले. "गुडघ्यांचं मात्र खरं आहे."

डावीकडची गल्ली खरोखरच उताराची होती. द्वारकाबाई तळाशी उभ्या होत्या, एका चौकोनी दगडी कट्ट्याजवळ. कट्ट्यावर सिमेंटची लादी टाकलेली, लादीवर दोन मोटारसायकली उभ्या. भोवतीच्या साऱ्या इमारती नव्या, तिमजली. माथ्यांवर काळ्या टाक्या. त्यांच्या ओळखीचे असे तिथे काही दिसत नव्हते. पण बाईंचा तळवा त्या दगडावर असा टेकला होता, की शिष्या काही अंतरावरच थांबली.

"हौद," त्या वळून न पाहता म्हणाल्या. "आमचा हौद. डोंगरावरून खापराच्या नळांनी पाणी यायचं, दिवसातून एकदाच. कधी येईल त्याचा नेम नाही. ज्याला पहिल्यांदा दिसेल, त्यानं पहिल्या घराला हाक घालायची, 'पाणी आलं गंऽऽ!' त्या घरानं 'ऐकलं, पुढे दिलं!' म्हणायचं आणि पुढच्या घराला हाक घालायची. अशी टोकापर्यंत. उत्तर आल्याशिवाय हाक घालणाऱ्यानं हौद सोडायचा नाही, असा नियम होता. कुणी आजारी असेल, कुणी बाळंतीण असेल, कुणी राहून जायला नको म्हणून. अहो, सासवा-सुना कडाकडा भांडत असायच्या, तरी मध्येच थांबून 'पुढे दिलं' म्हणायच्या आणि परत भांडायला लागायच्या." त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांचा आवाज चिरकला. "मुलांना हे सांगितलं की म्हणतात, आई, असं कुठे असतं का?"

चाचा या वेळी काही चुकीचे बोलले नाहीत. ते म्हणाले, "मग घाला की हाक."

"आता? लोक हसतील."

"हसू देत. कुणी पहिल्यांदा हसणार आहे का या गल्लीत?"

बाईंनी पदर सावरला. "पाणी आलं गं," त्या म्हणाल्या. पण ती हाक नव्हती, दिवाणखान्यातले बोलणे होते. समोरून एक स्कूटर भुर्रकन गेली. शिष्या दचकून भिंतीला चिकटली.

"पाणी आलं गंऽऽ!"

या खेपेला आवाज उताराने वरपर्यंत गेला. एका गॅलरीतल्या माणसाने वाकून पाहिले, खांदे उडवले आणि आत जाऊन टीव्ही मोठा केला. बाकी गल्ली गप्प. बाईंची नजर एकेका खिडकीवरून फिरली आणि हळूहळू खाली आली. दगडावरचा हात तेवढा त्यांनी उचलला नाही. उत्तर आल्याशिवाय हौद सोडायचा नव्हता.

शिष्येला ते बघवेना. मागच्या मागे त्या कोपऱ्याआड जावे, आवाज बदलून 'ऐकलं, पुढे दिलं' म्हणावे, काय बिघडले? बाई सुखाने घरी जातील. ती एक पाऊल सरलीही. चाचांनी तिचे मनगट धरले.

"नको."

"तुम्ही सकाळपासून खोटं बोललात ते चाललं?" ती कळवळून कुजबुजली.

"माझं खोटं तिनं खोडावं म्हणून होतं, बेटा. तुझं खोटं ती खरं मानेल."

"पण कुणीच बोललं नाही तर?"

 शिष्येने चाचांकडे पाहिले. त्यांच्या पापण्या भराभर लवत होत्या. पुढचे त्यांनाही ठाऊक नव्हते. आजवर या माणसाला शहरातले सारे ठाऊक असते असे मानून ती निर्धास्त राहत आली होती. आणि नवल असे, की ते भितात हे दिसताच तिची भीती उणावली. तिने मनगट सोडवून घेतले आणि त्यांचा हात आपल्या हातात धरला.

द्वारकाबाईंनी डोळे मिटले. मान वर केली. इंदूरची बाई, कुणाची सासू, कुणाची आजी, सारे बाजूला सरले, आणि परकरातल्या पोरीने दोन्ही हात तोंडाशी नेऊन घालावी तशी हाक त्यांनी घातली:

"पाणी आलं गंऽऽऽ! पाणी आऽऽलं!"

पिंपळावरचे कावळे उठले. टीव्ही बंद झाला. आणि तिसऱ्या इमारतीच्या मागून, कुठल्याशा वरच्या मजल्यावरून, एका म्हाताऱ्या बाईचा फाटका, करकरीत, वैतागलेला आवाज आला:

"ऐकलं गंऽऽ, ऐकलं! पुढे दिलं! किती ओरडशील?"