खारीचा तिसरा कंद

घाट उतरून खाली आले की हवा जड होते, अंगाला चिकटते. अशा त्या पायथ्याच्या रानात, एका जुन्या किंजळाच्या झाडावर एक खार राहत असे. मुलांनो, खारींची रीत तुम्हाला ठाऊक असेल. त्या बिया पुरतात आणि कुठे पुरल्या ते विसरून जातात. रानातली निम्मी झाडे त्या विसरण्यातूनच उगवलेली असतात. ही खार मात्र काहीच विसरत नसे.

तिचा जोडीदार मोठा हौशी होता. दसऱ्याच्या सुमारास तो घाटमाथ्यावर गेला आणि तिथल्या एका बंगल्याच्या बागेतून डेलियाचे कंद घेऊन आला. कंद दिसायला बारक्या रताळ्यांसारखे होते. "थंड हवेतलं फूल आहे. आपल्याकडे जगतं का बघू," असे म्हणून त्याने झाडाखाली तीन कंद लावले. थंडीत रोपांवर बशीएवढी तांबडी फुले आली. तशी फुले त्या रानाने कधी पाहिली नव्हती. मग थंडी सरता सरता एके दिवशी तो करवंटी घेऊन ओढ्यावर पाण्याला गेला. संध्याकाळी करवंटी तेवढी काठावर सापडली. त्या दिवशी ओढ्यावर शिक्रा घिरट्या घालत होता, एवढेच सगळ्यांनी सांगितले. पुढचे कोणी बोलले नाही, आणि खारीने विचारले नाही.

चैत्रातल्या एका दुपारी तिन्ही रोपांनी माना टाकल्या. पाने चिंधीसारखी लोंबू लागली. फांदीवरून खारीने ते पाहिले. 'हीसुद्धा जाणार,' तिला वाटले. तिने करवंटी उचलली.

झाडापासून ओढ्यापर्यंतची वाट उघड्या कातळावरून जात होती. ना झुडूप, ना दगडाचा आडोसा. वर आभाळात एक ठिपका गोल फिरत होता. खार पळत गेली, पाणी भरले आणि पळत आली. अर्धे पाणी वाटेतच सांडले. उरलेले तिने रोपांना घातले. संध्याकाळी तिन्ही रोपे ताठ उभी होती. 'पाणी वेळेवर मिळालं म्हणून वाचली,' असे खारीने ठरवून टाकले.

त्या दिवसापासून ती रोज भर दुपारी पाणी आणू लागली. आधी एक करवंटी, मग दोन, मग चार. जातायेता कातळावरून सरकणारी सावली तिला दिसे. पण थांबण्याची भीती जाण्याच्या भीतीहून मोठी होती.

माती सदा ओली राहू लागली, तसा ओढ्यातला एक बेडूक तिथे मुक्कामालाच आला.

"अगं, अजून एक करवंटी होऊ दे," तो म्हणे. "पाण्यानं कधी कुणाचं वाईट झालंय? माझ्याकडे बघ."

खार बघे. बेडूक खरोखरच तुकतुकीत दिसत होता.

किंजळाच्या मुळाशी एका म्हाताऱ्या घुशीचे बीळ होते. एका संध्याकाळी तिने बिळातून तोंड बाहेर काढले. "खारूताई, पाणी आवर बाई. खालून मातीला आंबट वास येतोय."

घुशी कंद खातात हे कोणाला माहीत नाही? "मावशी, कंदांची काळजी तू करतेस?"

"कंद खाणाऱ्याला कंदाचं कळणार नाही, तर कुणाला? त्या बेडकाला?"

"मी इथंच आहे हं," बेडूक म्हणाला.

खारीने घुशीचे ऐकले नाही. आठ दिवसांनी पहिल्या रोपाने संध्याकाळीही मान उचलली नाही. खारीने दुप्पट पाणी घातले. सकाळी रोप आडवे झाले होते. तिने हात लावला तर देठ अलगद निघून आला, आणि खाली कंदाच्या जागी काळा, बुळबुळीत लगदा होता. चार दिवसांनी दुसऱ्या रोपाची तीच गत झाली.

आता एकच रोप उरले होते. खार त्याच्यापासून हलेना. वारा आला तरी ती दचके, पान हलले तरी माती हुंगून बघे. शेवटी ती बिळाच्या तोंडाशी जाऊन म्हणाली, "तूच कुरतडलेस ते दोन्ही."

घूस नुसती आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिसऱ्या रोपाने मान टाकली. खार करवंटी घेऊन धावली. कातळाच्या मध्यावर ती पोहोचली असेल नसेल, आभाळात फिरणारा ठिपका फिरायचा थांबला आणि मोठा होऊ लागला. खारीने करवंटी टाकली. मागे वळून ती जीव घेऊन पळाली. पाठीवर वारा लागला, शेपटीचे दोन केस उपटले गेले, आणि झाडावर चढायलाही वेळ नाही हे तिच्या लक्षात आले. समोर घुशीचे बीळ होते. ती आत शिरली.

आत काळोख होता आणि घूस होती. बाहेर शिक्रा होता.

तो समोरच्या फांदीवर येऊन बसला. "रोज भर दुपारी, याच वाटेनं, तीच करवंटी घेऊन," तो शांतपणे म्हणाला. "तुला शोधायला लागतच नाही. मी बसतो इथं."

काळोखात घुशीचा श्वास जवळून ऐकू येत होता. "मावशी, मला जाऊ दे. रोप मरेल."

"मेलं तर मेलं. आधी तू गेलीस तर त्याला कोण बघणार? तो हिरवा पाहुणा?" घूस जरा सरकली आणि खारीला बसायला जागा झाली. "एक सांगते, ऐक. तुझ्या घरधन्यानं वरून किती कंद आणले होते?"

"तीन."

"चार. चौथा त्यानं माझ्या दारात आणून ठेवला. म्हणाला, 'मावशी, हा तुझा. उरलेल्या तिघांकडे फिरकू नकोस.' मी खाल्ला तो. बरा होता, जरा तुरट. पण त्याचं खाल्लं म्हणून नंतर कधी तिकडे तोंड वळवलं नाही."

त्याने खारीला हे सांगितले नव्हते. सांगायचे राहून गेले असेल.

बाहेरच्या उजेडाचा तुकडा बिळाच्या तोंडाशी पिवळा झाला, मग तांबूस झाला. शिक्रा हलला नाही. खारीला डोळ्यांसमोर ते रोप दिसत होते. पाने लोंबलेली, देठ आडवा. प्रत्येक क्षणाला ते थोडे थोडे मरत आहे असे तिला वाटत होते, आणि तिला काहीच करता येत नव्हते. अखेर अंधारून आले. पंख फडफडले, आणि फांदी रिकामी झाली.

खार बाहेर आली. रोपाकडे बघायचा तिला धीर होईना. बघितले, तर रोप ताठ उभे होते.

त्या दुपारी त्याला कोणी थेंबभरही पाणी घातले नव्हते.

"तू दुपारी काय करतेस गं, फार उकडलं की?" मागून घुशीने विचारले.

"फांदीला पोट लावून पसरते."

"तेव्हा तुझ्या तोंडात कुणी चार करवंट्या ओतल्या तर? त्याचंही तसंच आहे. थंड हवेतलं झाड ते. आपलं ऊन त्याला झेपत नाही, म्हणून मान खाली घालून पडून राहतं. ऊन कललं की उठतं. संध्याकाळीही उठलं नाही, तर समज तहान लागली. मग उजाडता उजाडता बुंध्याशी थोडं पाणी दे. इथली हवाच ओली. वर आपण ओतत राहिलं, तर कंदानं श्वास कुठून घ्यायचा?"

खारीने आळ्यात वाळका पाला पसरला. मावळतीच्या बाजूला सागाची दोन पाने रोवून सावली केली. माती वरून कोरडी पडली, तेव्हा बेडूक उठला. "इथं आता पूर्वीसारखं राहिलं नाही," असे म्हणून तो ओढ्याकडे निघून गेला.

पावसाळा तोंडावर आला आणि रोप शेंड्याकडून वाळू लागले. खार पुन्हा बिळाशी गेली.

"झोपायची वेळ झाली त्याची," घूस म्हणाली. "पावसात जमिनीत राहिलं तर कुजेल. अलगद काढ, सावलीत सुकव आणि ढोलीत कोरड्या वाळूत ठेव. आणि नवरात्र उठेपर्यंत उकरायचं नाही."

"रोज एकदा नुसतं बघितलं तर?"

"नाही."

"वास घेतला तर?"

"खारूताई."

खारीने माती बाजूला केली. एका कंदाचे चार झाले होते. तिने ते वाळूत ठेवले आणि वर आणखी वाळू लोटली.

चार महिने बाहेर पाऊस कोसळत राहिला. ढोलीच्या भिंती घामेजल्या. आंबट वास आला असे खारीला कितीदा वाटले. वाळूपर्यंत तिचा हात कितीदा गेला. एकदा तर तिने वरची वाळू बाजूला सारलीही होती. मग ती थांबली, वाळू पुन्हा नीट पसरली आणि त्या वाळूवरच अंग टाकून झोपली.

दसऱ्याच्या दिवशी तिने वाळू काढली. कंद सुरकुतले होते, हलके झाले होते. जीव असल्याची एकही खूण त्यांच्यावर नव्हती. खार त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. मग तिने एक कंद उलटा केला. मानेपाशी तांदळाच्या कणीएवढा एक तांबूस डोळा फुटला होता.

तीन कंद तिने झाडाखाली लावले. चौथा घुशीच्या दारात नेऊन ठेवला. "मावशी, हा तुझा," ती म्हणाली, "उरलेल्या तिघांकडे…"

"नाही फिरकणार," घूस म्हणाली.

पंधरा दिवसांत कोंब वर आले. अजून ऊन कडक होते. दुपारी कोवळ्या पानांनी माना टाकल्या. समोरच्या कातळावरून एक सावली हळूहळू सरकत गेली, परत आली, पुन्हा गेली. कातळावरून परत आणलेली करवंटी ढोलीतच होती. ती फांदीला पोट लावून पसरली आणि संध्याकाळ होण्याची वाट बघू लागली.

तात्पर्य : भीतीपोटी केलेली राखण जिवावर उठते; जे मातीच्या स्वाधीन केले, त्याला मातीच्या वेळेनेच वर येऊ द्यावे.