महिनाभराचा कागद

अणुकचरा जमिनीखाली, भुयाराचं धुराडं वर आणि त्याच्या वाऱ्याच्या वाटेवर गाव. गावच्या सभेत प्रकल्पाचे संचालक मुजुमदार यांनी एक कागद उंच धरला. "भुयारातली हवा पंपानं ओढून आम्ही या कागदातून गाळतो. हा महिनाभर लावलेला होता. किरणोत्सर्ग शून्य. आता अडाणी शंका पुरे."

कपडे धुऊन देणाऱ्या द्वारकाबाईंनी कागद हातात घेतला आणि उलटसुलट करून पाहिला. "साहेब, त्या धुराड्याच्या धुळीनं माझ्या दोरीवरचं धोतर दुपारपर्यंत तांबूस होतं. मग महिन्याचा कागद इतका पांढरा कसा?"

मुजुमदारांनी तंत्रज्ञाकडे पाहिलं.

"पंप महिनाभर बंदच आहे. हवा कागदातून न जाता थेट धुराड्यातून बाहेर पडते," तो पुटपुटला.

द्वारकाबाईंनी कागद परत केला. "म्हणजे महिनाभर ती हवा आमच्या छातीनंच गाळली."