पापणी नसलेला पाहुणा

एकदा एका वृद्ध गुरुजींच्या शिष्येकडे फार आगळा पाहुणा राहायला आला. गावातला एक कापडाचा व्यापारी सहकुटुंब परगावी निघाला होता आणि त्याच्या मुलीने, ईश्वरीने, पाळलेला जीव प्रवासात नेण्यासारखा नव्हता. गुरुजींच्या घरी राहून शिकणारी ही शिष्या स्वभावाने मायाळू, म्हणून मुलीने काचेची पेटी तिच्याच हाती सोपवली. पेटीत ॲक्सोलॉटल होता. दूरदेशीच्या थंड तळ्यातला हा प्राणी. फिका गुलाबी रंग, चार इवले पाय आणि मानेच्या दोन्ही बाजूंना तांबड्या पिसांसारखे कल्ले. मुलीने त्याचं नाव गुलकंद ठेवलं होतं.

"ताई, मी येईपर्यंत हा असेल ना?" तिने विचारलं.

"असेल गं. जिवापाड जपीन त्याला," शिष्या बोलून गेली.

गुरुजींच्या पत्नीने पेटीत डोकावून पाहिलं. "मासा म्हणावा तर पाय, पाल म्हणावी तर पाण्यात. देव हे काम अर्धं टाकून जेवायला उठला असणार," त्या म्हणाल्या. पण म्हणता म्हणता त्यांनीही त्याच्याशी दोन शब्द बोलून घेतले.

पुढे उन्हाळा तापला आणि गुलकंद मंदावला. त्याने खाणं सोडलं. शेपटीचं टोक गुंडाळून तो तळाशी पडून राहू लागला, कल्ले पुढे वळून फिके पडले. गुरांच्या डॉक्टरांनी असला प्राणी कधी पाहिलाच नव्हता. शिष्येचा धीर सुटला. तो श्वास घेतो की नाही हे नीट दिसावं म्हणून तिने पेटीवर दिवा लावून ठेवला. हलला नाही की ती बांगडीने काचेवर टकटक करी. हलला की तिला हायसं वाटे, आणि थोड्याच वेळात पुन्हा शंका येई. खाईल या आशेने ती गांडुळाचे तुकडे टाकी, ते कुजत, म्हणून ती सगळं पाणी ओतून नळाचं ताजं पाणी भरी. स्वतःच्या जेवणाची शुद्ध तिला राहिली नव्हती. इतकं करूनही तो खालावतच गेला.

शेवटी ती रडवेली होऊन गुरुजींना बोलावून घेऊन आली.

गुरुजींनी एकदाच पेटीकडे पाहिलं आणि आधी दिवा मालवला. मग अंगणातली, पाखरांना पाणी ठेवायची पसरट मातीची कुंडी त्यांनी नुसत्या पाण्याने स्वच्छ घासून आणली. आदल्या दिवशी घागरीत भरून ठेवलेलं पाणी तिच्यात ओतलं. एका वाटीने गुलकंदाला अलगद उचलून कुंडीत सोडलं, कुंडी माजघरातल्या काळोख्या कोपऱ्यात नेली, आणि तिच्यावर ओलं गोणपाट पांघरलं. कुंडीचं तोंड पूर्ण झाकेल असं.

शिष्या पुढे झाली. "गुरुजी, गेलेल्या माणसाला असं तोंडावरून पांघरूण घालतात. तो अजून आहे."

"आहे म्हणूनच घातलं."

"पण मला तो दिसणार कसा? काही झालं तर कळणार कसं?"

गुरुजी कुंडीकडे पाठ करून भिंतीशी टेकून बसले. तिलाही बसायची खूण केली. मग म्हणाले, "बाळ, तुला कुणी टक लावून पाहिलं, तर तू काय करतेस?"

"मान वळवते. नाहीतर डोळे मिटून घेते."

"याला पापण्याच नाहीत. तुझा दिवा, तुझा चेहरा, तुझी भीती, यातलं काहीच त्याला मिटून घेता येत नव्हतं. काचेच्या पेटीत लपायलाही जागा नव्हती. तू टकटक केलीस की तो हलायचा. ते बरं वाटण्याचं लक्षण नव्हतं गं, उरलेलं बळ तो तुझ्या समाधानासाठी खर्च करत होता. नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं, भरून ठेवलं की ते उडून जातं. तेवढा एक दिवस तुझ्या घाईने पाण्याला दिला नाही. तुझ्या मायेत खोट नाही. पण भ्यालेली माया पुनःपुन्हा स्वतःलाच विचारत राहते, आहे ना, आहे ना. आजाऱ्याला त्याचं उत्तर द्यावं लागू नये. त्याला हवा गारवा, अंधार आणि निवांतपणा."

शिष्येने विचारलं, "मग मी काय करू? नुसतं बसवत नाही हो."

"गोणपाट वाळू देऊ नकोस. रोज सकाळी थोडं जुनं पाणी काढ, ठेवलेलं घाल. तेव्हा बघ, एकदाच. बाकी वेळ इथेच बस, पण पाठ करून."

"आणि तरीही गेला तर?"

"तर निवांत गेला, एवढं तरी आपल्या हातून घडेल," गुरुजी म्हणाले आणि उठले.

हे ऐकणं सोपं नव्हतं. पहिले काही दिवस तिचा हात आपोआप गोणपाटाच्या टोकाकडे जाई. ती तो मागे घेई आणि गोणपाटावर पाणी शिंपडी. हळूहळू हाताला तेच वळण पडलं. कोपऱ्यात बसून ती आपला पाठ म्हणू लागली, तोही मनातल्या मनात.

एका सकाळी पाणी बदलताना तिला दिसलं, कल्ले मागे पसरले होते आणि त्यांत तांबडा रंग उतरला होता. तिने गांडुळाचा एक तुकडा सोडला. गुलकंदाने क्षणभर वाट पाहिली आणि घटकन गिळला. हाक मारायला तिचं तोंड उघडलं, पण तिने ओठ मिटले, गोणपाट सारखं केलं आणि स्वयंपाकघरात गेली.

"काय गं?" गुरुजींनी चहाचा कप खाली ठेवत विचारलं.

"खाल्लं," ती म्हणाली, भिंतीलाही ऐकू जाऊ नये इतक्या हळू.

ताप उतरून लेकरू नुकतंच झोपलं असेल, तर त्याच्या कपाळावरचा हात आपणही जरा उचलून घ्यावा, आणि उशाशी बसून राहावं.