पालवकोटचा कडू पेला

पेला तोंडाला लावायच्या आधी ऐका. वरचा फेस फुंकायचा नाही, आणि कडू लागलं म्हणून साखर मागायची नाही. पालवकोटच्या सणाला आमच्याकडे हे असंच मिळतं. नको असेल तर खाली चहाची टपरी आहे.

किल्ल्यावर फिरंगी होते तेव्हाची गोष्ट. कप्तानाने स्वयंपाकाला मेक्सिकोची एक बाई आणली होती, जासिंता. विकत आणली होती, उगाच गोड कशाला बोला. सोबत तिची सात वर्षांची पोर. कोकोच्या बिया भाजून, दालचिनी अन् साखर घालून ती गरम पाट्यावर वाटायची, चकत्या थापून वाळवायची. चकती कढत पाण्यात विरघळवून दोन तळव्यांत रवी फिरवायची. फेस असा चढायचा की म्हणे वर ठेवलेलं फूल बुडत नसे.

एकदा कप्तानाकडे मोठा पाहुणा यायचा होता, मेक्सिकोत राहून आलेला. तो पेल्याची पारख करायचा फेसावरून. कप्तान जासिंताला म्हणाला, "फेस उभा राहिला तर पोर तुझ्यापाशी. नाही तर पाहुण्याच्या जहाजावर, त्याच्या बायकोची चाकर."

सकाळभर तिने रवी फिरवली. फेस उभा राहिला. पोरीची वेणी घालायला ती आत गेली, तेवढ्यात शेजारची बुधीबाय आली. हिचा जन्म गुऱ्हाळावर गेलेला. उकळत्या रसावर आलेली मळी काढून फेकायची, एवढंच ठाऊक. झारा घेऊन तिने सगळा फेस काढला अन् राखेत टाकला.

"केवढी मळी ठेवली होतीस गं बाय! कसं आरशासारखं करून दिलं बघ."

जासिंताने एवढंच विचारलं, "कुठे टाकलास?"

पुन्हा रवी हातात घेईस्तोवर शिपाई भांडं उचलून घेऊन गेला. पाहुण्याने पेल्यात बघितलं नि म्हणाला, "भांडी धुतलेलं पाणी का हे?" संध्याकाळच्या भरतीला पोर त्याच्या जहाजावरून गेली.

त्यानंतर जासिंताने चकतीत साखर घातली नाही. शाप वगैरे काही दिला नाही, असं सांगतात. दर साली त्या दिवशी घरोघर एकेक पेला नेऊन द्यायची आणि पिऊन होईस्तोवर दारात उभी राहायची. साखर मागायची कोणाची छाती झाली नाही.

आजही पहिला पेला धक्क्यावर नेऊन पोरीसाठी पाण्यात ओततात. ओतताना नावाने हाक मारायला हवी. पण अख्खा गाव तिला 'ए पोरी' म्हणायचा, अन् जासिंता जिवंत होती तोवर नाव विचारायचं कोणाला सुचलं नाही. म्हणून सगळे नुसते उभे राहतात, तोंड मिटून.